आधी पॅसेज मोजा: पुण्यातल्या एका पल्मनरी रिहॅब केंद्राचं परीक्षण

छातीच्या डॉक्टरांनी चिठ्ठीवर ‘पल्मनरी रिहॅब’ (फुफ्फुसाच्या रुग्णांना देखरेखीखाली व्यायाम आणि माहिती देणारा कार्यक्रम) लिहून दिलं की घरात पहिला प्रश्न ठरलेला: म्हणजे फिजिओच ना, मग कोणीतरी घरी येऊन करेल की. दुसरा प्रश्न पैशांचा. या परीक्षणासाठी पश्चिम पुण्यातल्या एका खासगी रुग्णालयाचा आठ आठवड्यांचा कार्यक्रम घेतला आहे. आठवड्यातून दोनदा, दर वेळी साधारण दीड तास, म्हणजे एकूण १६ सत्रं. केंद्राचं नाव मुद्दाम दिलेलं नाही. अशा विभागांत शिकलेली माणसं फार काळ टिकत नाहीत आणि माणूस बदललं की कार्यक्रमही बदलतो, पाटी मात्र तीच राहते. तेव्हा नाव पाठ करण्यापेक्षा काय तपासायचं ते कळलेलं बरं.

निकाल आधीच सांगून टाकतो. चालण्याची चाचणी आणि चालण्याचा व्यायाम चोख. घरकामाचा तास पुण्यात क्वचितच मिळेल असा. ताकदीचा व्यायाम अर्धामुर्धा. ऑक्सिजनचा हिशोब ठीक. आणि शेवटी हातात देतात तो कागद रद्दीत घालण्याच्या लायकीचा. पैसे वसूल होतात, पण घरच्या एका माणसानं वही-पेन घेऊन लक्ष घातलं तरच.

अपेक्षा काय ठेवायची, इथेच बहुतेकांचा घोळ होतो. सीओपीडी (श्वासनळ्या कायमच्या अरुंद होण्याचा आजार) असो, जुन्या टीबीनं खराब झालेली फुफ्फुसं असोत की आयएलडी (फुफ्फुस घट्ट आणि चरबट होण्याचे आजार) असो, रिहॅबनंतर पीएफटी, म्हणजे फुंकून करायची फुफ्फुसाची तपासणी, केली तर आकडा जवळपास तोच येतो. फुफ्फुस दुरुस्त होत नाही. सुधारतात ते पाय. दम लागतो म्हणून माणूस चालणं कमी करतो, चालणं कमी झालं की मांडीचे स्नायू आटतात, आटलेले स्नायू थोड्याशा कामानंही लवकर आम्ल तयार करतात आणि ते निस्तरायला श्वास आणखी वाढवावा लागतो. सीओपीडीत त्यात एक भर पडते. श्वास भरभर झाला की सोडायला वेळ पुरत नाही, आतली हवा आतच साठते आणि छाती फुगलेलीच राहते. पायांना सवय लागली की त्याच कामाला श्वास कमी लागतो. बाकी सगळं जोडीला. सीओपीडीत याचा उपयोग होतो की नाही हा वाद आता उरलेला नाही. सगळ्या चाचण्या एकत्र करून तपासणाऱ्या कोक्रेन संस्थेच्या २०१५ च्या आढाव्यात ६५ चाचण्या आणि ३,८२२ रुग्ण होते. त्यानंतर, साध्या उपचारांशी याची आणखी तुलना करण्याची गरज नाही, असं म्हणून तो विषयच तिथे बंद करण्यात आला.

म्हणून केंद्र बघायला गेलात की यंत्रांकडे पाहू नका, पॅसेज कुठला ते विचारा. सहा मिनिटं चालण्याच्या चाचणीला सरळ, सपाट, ३० मीटर लांबीची वाट लागते. या केंद्रात ती दुसऱ्या मजल्यावर आहे. जमिनीवर दर ३ मीटरला पट्टी चिकटवलेली, दोन्ही टोकांना नारिंगी शंकू, सुरुवातीला खुर्ची. आधी दहा मिनिटं बसवून ठेवतात, रक्तदाब, नाडी, रक्तातला ऑक्सिजन मोजतात आणि दम किती लागतोय ते ० ते १० या बोर्ग पट्टीवर विचारतात. मग सहा मिनिटांत जमेल तितकं अंतर चालायचं, पळायचं नाही. थांबावंसं वाटलं तर भिंतीला टेका, हरकत नाही, पण घड्याळ थांबत नाही. दर मिनिटाला किती वेळ उरला ते ठराविक शब्दांत सांगतात. फिजिओ मागून चालते, बरोबरीनं नाही, पुढून तर नाहीच. ती पुढे गेली की पेशंट तिच्या चालीनं चालतो आणि चाचणी तिची होते. ऑक्सिजन ८० टक्क्यांच्या खाली गेला की चाचणी थांबवायची हा नियम इथे पाळतात. शेवटचा आकडा तर लिहितातच, शिवाय मधे सर्वांत खाली गेलेला आकडाही लिहितात. आयएलडीच्या पेशंटला तो फार महत्त्वाचा, कारण थांबल्यावर आकडा झटकन वर येतो आणि खोल दरी कागदावर दिसतच नाही.

या केंद्राला पैकीच्या पैकी गुण मिळतात ते पुढच्या गोष्टीला: अर्ध्या तासाच्या विश्रांतीनंतर चाचणी पुन्हा घेतात आणि जास्त अंतर ते खरं धरतात. हे लाड नव्हेत. दुसऱ्यांदा चालताना वाट आणि वेग अंगवळणी पडलेला असतो, त्यामुळे अंतर सरासरी २६ मीटरच्या आसपास आपोआप वाढतं. आणि रिहॅबचा उपयोग झाला असं म्हणायला लागणारी वाढ आहे साधारण ३० मीटर. म्हणजे पहिल्या दिवशी एकदाच चालवलं आणि आठ आठवड्यांनी पुन्हा एकदाच चालवलं, तर व्यायाम न करतासुद्धा बरीचशी ‘सुधारणा’ कागदावर दिसेल. वेळ नाही म्हणून एकच चाचणी उरकणारी केंद्रं पुष्कळ आहेत. १५-२० मीटरच्या पॅसेजमध्येही चाचणी घेतात. वळणं वाढतात, अंतर कमी भरतं. तेही चालेल, पण मग शेवटची चाचणीसुद्धा त्याच पॅसेजमध्ये हवी. ट्रेडमिलवर सहा मिनिटं चालवून तोच आकडा म्हणून लिहिणारे भेटले तर नमस्कार करून बाहेर या. पॅसेज लहान आणि लोक प्रामाणिक असतील तर बीपच्या तालावर १० मीटरच्या वाटेवर चालण्याची शटल चाचणी घेतात, ती चांगली.

जोडीला सीओपीडीचा त्रास किती ते मोजणारी ‘कॅट’ प्रश्नावली असते. आठ प्रश्न, ० ते ४० गुण, जितके कमी तितकं बरं. दोन गुणांनी उतरले तरी फरक पडला असं धरतात. ती मराठीत आहे. बोर्गची पट्टी मात्र इथे इंग्रजीत, बारीक अक्षरात आणि ट्रेडमिलच्या मागच्या भिंतीवर. त्यामुळे संवाद असा चालतो:

“काका, दम किती? आकडा सांगा.”

“बरं आहे की.”

“बरं नको काका, आकडा.”

“अहो, तुम्ही म्हणाल तेवढा.”

हसण्यावारी नेऊ नका, पुढचा सगळा व्यायाम या आकड्यावर बेतायचा असतो. ० म्हणजे दम अजिबात नाही, ३ म्हणजे मध्यम, ५ म्हणजे जोराचा, १० म्हणजे याहून जास्त सोसवणार नाही. व्यायाम ४ ते ६ मध्ये चालायला हवा. ३ च्या खाली असेल तर ती नुसती शतपावली झाली. मोठ्या मराठी अक्षरांत पट्टी छापून डोळ्यांसमोर लावायला खर्च तो काय येतो!

चालण्याचा वेग चाचणीतूनच काढतात आणि हा हिशोब घरीही करता येतो. समजा सहा मिनिटांत ३०० मीटर झाले, म्हणजे ताशी ३ किलोमीटर. त्याचे ८० टक्के म्हणजे २.४. या वेगानं २० मिनिटांत ८०० मीटर होतात. सोसायटीचं पार्किंग २० मीटर लांब असेल तर ४० खेपा. ट्रेडमिलवर चालायची सवय नसलेल्याला इथे पहिल्या दिवशी ताशी २ वर ठेवतात, तेही योग्यच. सलग दहा मिनिटं जमत नसेल तर दोन मिनिटं चालणं, एक मिनिट थांबणं असे तुकडे करतात. तुकड्यांनी केलेला व्यायामही सलग व्यायामाइतकाच लागू पडतो, त्यात कमीपणा काही नाही. बोर्ग ३ वर आला की आधी वेळ वाढवतात, ३० मिनिटांपर्यंत. मग वेग, एका वेळी ०.२ नं. हे सगळं वहीत लिहिलं जातं आणि पुढच्या वेळी वही उघडूनच सुरुवात होते. ऐकायला साधी गोष्ट आहे, पण ‘आज किती करूया काका?’ असं विचारून मशीन सुरू करणाऱ्या केंद्रांत आठव्या आठवड्यातही माणूस पहिल्याच वेगानं चालत असतो.

दोन खोडी मात्र दिसल्या. ट्रेडमिलचा दांडा घट्ट धरून अंग त्यावर टाकलं की पायांवरचा भार उतरतो, स्क्रीनवरचा आकडा फुगतो आणि पॅसेजमध्ये आणल्यावर तोच माणूस धापा टाकतो. बोटं नुसती टेकवावीत. गर्दीच्या बॅचला हे सांगायला कोणी जवळ नसतं. अमेरिकेतल्या मार्गदर्शनात व्यायामाच्या वेळी चार पेशंटमागे एक प्रशिक्षित माणूस सांगितला आहे, ब्रिटिश निकषात आठांमागे एक. इथे सकाळच्या बॅचला आठांमागे एक आणि एक शिकाऊ विद्यार्थिनी. दुपारच्या बॅचला निम्मेच लोक असतात. दुपारी एक ते चार या वेळेत पुण्यात कोणी बाहेर पडत नाही, त्याचा फायदा घ्या. दुसरी खोड ऑक्सिमीटरची. दांडा धरलेल्या हाताच्या बोटाला तो लावून ‘८४ आलं!’ म्हणून घाबरवायचं. हात सैल सोडा, बोट चोळून गरम करा, नाडीची पट्टी नीट उड्या मारू लागली की अर्धा मिनिट थांबून वाचा. नेलपॉलिश लावलेलं किंवा ताज्या मेंदीचं बोट टाळा. सावळ्या कातडीवर यंत्र दोन-तीन टक्के जास्तही दाखवू शकतं, तेव्हा ९० दिसलं म्हणून फार निश्चिंत होऊ नये.

ताकदीच्या व्यायामाची मात्र निराशा. मांडीसाठी खुर्चीतून उठबस, पायाला वजनाचे पट्टे बांधून गुडघा सरळ करणं, पायरी चढउतार आणि हातांसाठी डंबेल किंवा रबरी पट्टा, एवढं सगळं सामान आहे. वापर असा: सगळ्यांना अर्ध्या किलोचा पट्टा, दहा वेळा, आठही आठवडे. याला ताकदीचा व्यायाम म्हणत नाहीत, हालचाल म्हणतात. वजन असं हवं की ८ ते १२ वेळा जमेल आणि शेवटच्या दोन वेळांना पाय थरथरेल. असे दोन ते चार संच, मधे दोन मिनिटं विश्रांती. सलग दोन सत्रांत १२ च्या वर सहज जमू लागलं की वजन अर्ध्या किलोनं वाढवायचं. उचलताना श्वास सोडायचा, धरून ठेवायचा नाही. मोजायचं असेल तर एक मिनिटात बिनहाताच्या खुर्चीतून किती वेळा पूर्ण उभं राहता येतं ते मोजावं, तीननं वाढ झाली तरी कमाई समजतात. या केंद्रात विचारल्यावर वजन वाढवून देतात, न विचारता नाही. म्हणून विचारा. संधिवाताचे किंवा पाठीचे पेशंट असतील तर मात्र हट्ट नको, पायरीची उंचीच कमी करून घ्या.

ऑक्सिजनबद्दल. व्यायामात आकडा ८८ च्या खाली जाणाऱ्यांना नळी लावतात, सिलिंडर भिंतीशी बांधलेला, ट्रेडमिल त्याच्या शेजारी. लिटर किती हे चालता-चालता एकेक वाढवून ठरवतात, अंदाजानं नाही. इथवर ठीक. पण ढकलायची ट्रॉली एकच आहे आणि ती बहुधा वॉर्डात गेलेली असते, मग पॅसेजमधलं चालणं रद्द. घरासाठी पोर्टेबल मशीन घ्यायच्या विचारात असाल तर ते आधी इथे आणून त्यावर चालून बघा. त्यातली बहुतेक मशीन श्वास घेतला की ऑक्सिजनचा एक झटका देतात. त्यावरचा ‘२’ हा आकडा म्हणजे मिनिटाला दोन लिटर नव्हे. बसल्यावर ९४ दाखवणारा माणूस जिना चढताना त्याच मशीनवर ८२ ला येऊ शकतो. घरी मोठं कॉन्सन्ट्रेटर (हवेतून ऑक्सिजन वेगळा काढणारं मशीन) असेल तर त्याची जाळी दर आठवड्याला धुवा आणि गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जाते हे धरून भरलेला सिलिंडर जवळ ठेवा. आणि कोणीही मनानं लिटर वाढवू नये. काही सीओपीडीच्या रुग्णांत जास्त ऑक्सिजननं कार्बन डायऑक्साइड साठतो, सकाळी डोकं जड होतं, गुंगी येते. घरच्यांना वाटतं, छान झोप लागली.

रिसेप्शनशेजारच्या औषधाच्या दुकानात तीन चेंडूंचं यंत्र ‘फुफ्फुसाचा व्यायाम’ म्हणून खपतं. ६००, ९००, १२०० असे आकडे त्यावर असतात, चेंडू वर गेले की नातू टाळ्या वाजवतो. पोटाच्या किंवा छातीच्या ऑपरेशननंतर फुफ्फुसाचा तळ दबू नये म्हणून ते दिलं जातं. सीओपीडीत आधीच हवा भरून फुगलेल्या छातीला आणखी खोल श्वास ओढायला लावून फारसं काही साधत नाही. श्वासाच्या स्नायूंना खरंच जोर द्यायचा तर वेगळं यंत्र येतं. त्यात स्प्रिंगचा अडथळा ठरवता येतो आणि आधी श्वास ओढण्याची ताकद मोजून साधारण तिच्या ३० टक्क्यांपासून सुरुवात करतात. तेही सगळ्यांना लागत नाही. ब्रॉन्किएक्टेसिस असलेल्यांना, म्हणजे ज्यांचा बेडका रोज वाटीभर पडतो त्यांना, कफ हलवणारं थरथरतं यंत्र उपयोगी पडतं, पण त्याआधी ‘हफ’ शिकवायला हवा. मध्यम श्वास घ्यायचा, तोंड आणि घसा उघडा ठेवून, आरशावर वाफ काढावी तसा, जोरात सोडायचा. दोन हफ, मग शांत श्वास, मग पुन्हा. नुसतं खोकत राहिलं की नळ्या मिटतात आणि कफ आतच राहतो. या केंद्रात हफ नीट शिकवतात आणि रिहॅबच्या फिजिओ चेंडूंचं यंत्र कोणाच्या गळ्यात मारत नाहीत, ते काम दुकान करतं.

इनहेलरचा तास एकच आहे, पण कडक. प्रत्येकाला स्वतःचा पंप घेऊन करून दाखवायला लावतात. फवाऱ्याचा पंप असेल तर आधी श्वास पूर्ण सोडा, दाबतानाच हळू, चार-पाच सेकंद ओढा, मग दहा सेकंद धरा. कॅप्सूलवाल्या रोटाहेलरला नेमकं उलटं, जोरात आणि झटक्यात ओढायचं. दोन्ही घरात असले की लोक एकाची रीत दुसऱ्याला लावतात. रोटाहेलरमध्ये फुंकर मारून पावडर ओली करणारेही असतात आणि कॅप्सूल पाण्याबरोबर गिळणारेही. स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायचं नळकांडं, साबणाच्या पाण्यातून काढून तसाच निथळत ठेवायचा. फडक्यानं पुसला की स्थिर विजेनं औषध भिंतीला चिकटतं. व्यायामाआधी पंधरा-वीस मिनिटं नळ्या उघडणारा पंप घ्या आणि तो खिशात ठेवूनच या. स्टेरॉइडच्या पंपानंतर चूळ भरा.

प्राणायामावर इथली भूमिका शहाणपणाची वाटली, जरी त्यावरून दर बॅचला वाद होतो. अनुलोम-विलोम करायचं तर करा, श्वास न कोंडता. कपालभाती एम्फिसिमात (सीओपीडीचा फुफ्फुस सैल पडण्याचा प्रकार) नको. जोराच्या झटक्यानं लवचीकपणा गेलेल्या नळ्या आतूनच मिटतात आणि हवा अडकते. त्याऐवजी ओठांचा चंबू करून, दोन मोजेपर्यंत नाकानं आत, चार मोजेपर्यंत तोंडानं बाहेर. जिना चढताना एका पायरीला आत, दोन पायऱ्यांना बाहेर. आणि रोज तासभर प्राणायाम केला म्हणून चालणं सोडायचं, हे इथे कोणी ऐकून घेत नाही.

घरकामाचा तास ही या केंद्राची खरी जमेची बाजू. पुस्तकी सल्ला नाही, पुण्यातलं घर समोर ठेवून बसवलेला आहे. छताजवळच्या दोरीवर काठीनं धुणं वाळत घालणं हे दमेकऱ्याचं सर्वांत वाईट काम, कारण हात खांद्यावर गेले की श्वासाला मदत करणारे मानेचे-खांद्याचे स्नायू त्या कामात अडकतात. दोरी छातीपर्यंत खाली घ्या किंवा स्टँड वापरा, कपडे पिळून आधी खुर्चीवर ठेवा, एकेक घालताना श्वास बाहेर. वेणी घालताना कोपर टेबलावर टेका. आंघोळीला पाटाऐवजी प्लास्टिकचं उंच स्टूल, बादली दुसऱ्या स्टुलावर, म्हणजे वाकणं गेलं. पाणी फार कढत नको, वाफेनं जीव घाबरतो. टॉवेलनं खसखसून पुसण्यापेक्षा पंचाचा झगा अंगावर घेऊन पाच मिनिटं बसा. भारतीय शौचालयातून उठणं शिकवतात, भिंतीला धरायला दांडा कुठल्या उंचीवर बसवायचा तेही सांगतात. चूल किंवा शेगडीच्या धुरात आयुष्य काढलेल्या बायका या तासाला प्रश्न विचारून फिजिओला दमवतात, आणि सिगारेट कधी न ओढताही सीओपीडी होतो हे पुरुष मंडळींना इथेच पहिल्यांदा कळतं.

आहाराचा तास दहा मिनिटांत उरकतात, ते बरोबर नाही. वजन उतरत चाललेल्या पेशंटला प्रथिनं लागतात, वजनाच्या दर किलोमागे रोज साधारण १.२ ते १.५ ग्रॅम. ५० किलोच्या माणसाला ६० ते ७५. एका अंड्यात ६ ग्रॅम, १०० मिली दुधात ३. हिशोब करून बघा, वरण-भातावर भागत नाही. श्रावणात साबुदाण्यावर राहणाऱ्यांचं तर विचारूच नका, त्यात प्रथिनं जवळपास नाहीतच. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर हा आकडा डॉक्टरांना विचारूनच. पोटभर दोन जेवणांऐवजी थोडं-थोडं पाच वेळा खावं, भरलेलं पोट छातीखालच्या श्वासाच्या पडद्याला वर ढकलतं.

प्रवेशाच्या वेळी ईसीजी बघतात, टीबीचा इतिहास असेल तर बेडक्याची तपासणी मागतात. आठ-दहा जणांनी एका खोलीत धापा टाकायच्या असतील तर ही काळजी हवीच. छातीत दुखणं काबूत नसेल, नुकताच हार्ट अटॅक येऊन गेला असेल किंवा श्रमानं चक्कर येत असेल तर आधी हृदयाच्या डॉक्टरांकडे पाठवतात. याउलट दम वाढून रुग्णालयात राहून आलेला माणूस ‘जरा बरा होऊ दे’ म्हणून घरी बसवू नये. घरी आल्यावर तीन-चार आठवड्यांच्या आत सुरू केलेलं सर्वांत फायद्याचं.

जागेबद्दल तक्रार आहे. व्यायामाच्या खोलीबाहेरच्या सज्जावर पारवे घुमत असतात, जाळी फाटलेली. पारव्यांच्या विष्ठेनं आणि पिसांनी होणारा फुफ्फुसाचा आजार असलेली माणसं याच खोलीत व्यायाम करतात, तेव्हा हे अक्षम्य. लिफ्ट आहे, पण जेवणाच्या गाड्या तिलाच. पार्किंग नावालाच. गणपतीच्या दहा दिवसांत पेठांतून येणाऱ्यांची सत्रं हमखास बुडतात, दिवाळीच्या धुरात छाती भरून येते ती वेगळी. आठ आठवडे कॅलेंडरवर मांडूनच नाव घाला. घरी चालायला बाहेर पडण्याआधी हवेच्या प्रदूषणाचा आकडा ‘सफर’ या यंत्रणेवर बघता येतो, ती पाषाणच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेनंच उभी केली आहे. आणि सोसायटीत पालापाचोळा जाळत असतील त्या सकाळी सरळ जिन्याच्या लँडिंगवर चाला.

पैसे पॅकेजनं, आगाऊ. त्यात दोन्ही वेळच्या चालण्याच्या चाचण्या धरल्या आहेत का, आजारपणानं बुडालेली सत्रं पुढे देतात का, हे पावती फाडण्याआधी लिहून घ्या, तोंडी ‘बघू’वर जाऊ नका. आरोग्य विम्यात बहुतेक वेळा दाखल झाल्याचाच खर्च मिळतो, ओपीडीतला हा खर्च खिशातूनच जातो. १६ सत्रांना ३२ रिक्षाफेऱ्या, तोही खर्च पॅकेजशेजारी लिहा. बाणेर-वारज्याच्या पुढून येणाऱ्यांना तो फीइतकाच बोचतो.

राहिला तो शेवटचा कागद. झेरॉक्सची झेरॉक्स, इंग्रजी, त्यावर काड्यांची माणसं आणि ‘रोज करा’. व्यायाम सोडला तर कमावलेलं सहा महिने ते वर्षभरात ओसरतं, तेव्हा सगळी मदार खरं तर या कागदावर हवी. सोळाव्या सत्राला वही पुढे करा आणि चार गोष्टी लिहून घ्या: शेवटचा वेग आणि त्याच्या पार्किंगमधल्या खेपा, पायाचं वजन आणि किती वेळा, व्यायामात ऑक्सिजन कितीच्या खाली गेला तर थांबायचं, बेडक्याचा रंग बदलला किंवा दम वाढला तर कोणतं औषध आणि कोणाला फोन. महिन्यातून एकदा येऊन वजन-वेग तपासून घेण्याची सोय या केंद्रात आहे, एका सत्राच्या पैशात. ती बोर्डावर लिहिलेली नाही, काउंटरवर विचारावी लागते.